साधनेत विचाराचं काम काय?

ध्यानाला बसू लागलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: विचार थांबतच नाहीत. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला, निर्विचार व्हा. मुंबईत योगवर्गांपासून मोबाइलच्या ॲपपर्यंत हा सल्ला इतका फिरतोय की विचार म्हणजे साधकाचा वैरी, अशी समजूत पक्की होऊन बसली आहे. माझ्या मते ही समजूत साधनेचं नुकसान करते. ज्या परंपरांच्या नावावर ती खपवली जाते, त्यांनी विचाराला हाकललेलं नाही. त्याला कामाला लावलं आहे, आणि त्याची हद्दही आखून दिली आहे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगतो ते श्रवण, मनन, निदिध्यासन (पटलेल्यावर सतत ध्यान) या क्रमानं. मनन म्हणजे युक्तीनं, म्हणजे तर्कानं, शंका घेऊन, उलटसुलट तपासून केलेला विचार. तो वगळून ऐकण्यावरून थेट ध्यानावर उडी मारायची सोय तिथे नाही. समर्थांनीही मनाला 'विचारें मना तूंचि शोधूनि पाहें' असंच बजावलं. गप्प बस, असं नाही सांगितलं.

मग त्रास देतो तो कोणता विचार? हे कळायला विचार आत कसा तयार होतो ते पाहावं लागतं. मला यासाठी दासबोधाच्या सतराव्या दशकातल्या आठव्या समासाइतकं नेमकं दुसरं काही वाटत नाही. तिथे अंतःकरणाचे पाच भाग सांगितले आहेत, आणि ते एकामागून एक घडणाऱ्या पायऱ्यांसारखे आहेत. आधी नुसतं स्फुरण, एक जाग, ते अंतःकरण. मग 'करू का नको' असं हेलकावणं, ते मन. मग 'करायचंच' किंवा 'नाहीच करायचं' हा निश्चय, ती बुद्धी. ज्याचा निश्चय झाला तेच घोळवत राहणं, ते चित्त. आणि शेवटी त्या कामाचा अभिमान धरून त्यात उतरणं, तो अहंकार.

सकाळच्या विरार-चर्चगेट फास्टमध्ये हे पाचही भाग सुटे सुटे दिसतात. बोरिवलीला बसलेल्या माणसाला विचारून ठेवलं, "कुठे उतरणार?" तो म्हणाला, "अंधेरी." अंधेरी आली, तो उठला, आणि मधल्यामध्ये दुसराच कोणी घुसून बसला. पहिल्या क्षणी शब्द नसतात. छातीत एक झटका, कानशिलं गरम, बस. लगेच सुरू होतं: बोलू का? जाऊ दे, रोजचंच आहे. पण असं कसं जाऊ द्यायचं? वांद्रं येईपर्यंत ठरतं, बोलायचंच. मग दादरपर्यंत वाक्यं जुळतात, त्याची उत्तरं जुळतात, त्या उत्तरांना द्यायची उत्तरंही जुळतात. आणि मुंबई सेंट्रलला तोंडातून निघतं ते सीटबद्दल उरलेलंच नसतं. 'मला? मला असं?' एवढंच त्यात असतं.

या पाच पायऱ्यांवर एकच उपाय चालत नाही. साधनेतला निम्मा गोंधळ इथूनच येतो.

स्फुरणावर काहीही करायचं नसतं. ते आपल्या हातात नाही, आणि ते उठलं म्हणून साधना बिघडली असंही नाही. ते उठल्याचं ध्यानात येणं एवढंच पुरेसं. मनाच्या पातळीवर, म्हणजे हेलकावे चालू असताना, त्यांना ओळखून मनातल्या मनात नाव देता येतं: हा संकल्प, हा विकल्प. बुद्धीच्या पातळीवर मात्र खरा विचार चालतो, कारण निश्चय कारणांवर उभा असतो आणि कारणं तपासता येतात. बोलून काय मिळणार? सीट मिळेल का? मिळाली तर पुढची वीस मिनिटं बसून काय वाटेल? इथे प्रश्न विचारले तर निश्चय बदलतो.

एकदा गोष्ट चित्तात घोळायला लागली की वाद घालून उपयोग नाही. घोळणाऱ्या विचाराशी वाद घालणं म्हणजे त्याला आणखी खाद्य पुरवणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी इथूनच सुरू होते: विषयांचं ध्यान, त्यातून संग, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. इथे आलंबन, म्हणजे मन ज्याला धरून असतं ते, बदलावं लागतं. आणि पाचव्या पायरीवर, अभिमान चढल्यावर, विचार ऐकायला आत कोणी शिल्लकच नसतं. तिथे फक्त शरीर आवरायचं. जीभ टाळूला लावायची, डब्यात जागा बदलायची, पुढच्या स्टेशनला उतरून मागच्या गाडीनं जायचं.

चित्तातलं घोळणं मोडायचे उपाय सर्वांत क्रमवार सांगितलेत ते मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथाच्या विसाव्या सुत्तात, म्हणजे उपदेशात. ते पाच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला: त्या विचाराच्या जागी दुसरं, कुशल आलंबन घ्यायचं. त्यानं भागलं नाही तर दुसरा: या विचारातला धोका नीट पाहायचा. तरीही नाही तर तिसरा: दुर्लक्ष, नको असलेल्या दृश्यावरून नजर काढून घ्यावी तसं. मग चौथा: विचार कशातून घडला ते मागे मागे जाऊन पाहायचं. तिथे चालणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो भराभर चालतोय, मग स्वतःला विचारतो की एवढ्या घाईनं का? हळू चालतो, मग उभा राहतो, बसतो, आडवा होतो. आणि सर्वांत शेवटी पाचवा: दात आवळून, जीभ टाळूला दाबून जोर लावायचा. बहुतेक साधक सुरुवातच पाचव्यापासून करतात. म्हणून दमतात.

जोर लावण्याचा उलटा परिणाम प्रयोगातही दिसला आहे. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं, आणि आला की घंटी वाजवायला लावली. घंटी वाजत राहिली. पुढे अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात तो पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आला. यामागचं कारण वेग्नर यांनी पुढे मांडलं: एखादा विचार येऊ द्यायचा नाही तर तो आलाय का हे सतत पाहत राहावं लागतं, आणि हे पाहणंच त्याला जागं ठेवतं. 'निर्विचार झालो का?' हा प्रश्न घेऊन बसणाऱ्याचं नेमकं हेच होतं.

त्याच मज्झिम निकायातलं एकोणिसावं सुत्त मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात विचाराची किंमत आणि मर्यादा एकाच ठिकाणी आली आहे. बोधीच्या आधी बुद्धांनी आपल्या विचारांचे दोन ढीग केले. एकीकडे कामना, द्वेष आणि हिंसेचे, दुसरीकडे त्याग, अद्वेष आणि अहिंसेचे. माणूस ज्याचा वारंवार विचार करतो तिकडे त्याचं चित्त झुकतं, हे तिथलं मुख्य निरीक्षण. पण पुढे असंही म्हटलं आहे की चांगले विचारसुद्धा फार वेळ चालवले तर शरीर थकतं, शरीर थकलं की चित्त विचलित होतं, म्हणून मग चित्त आत स्थिर करावं. म्हणजे थांबायचं ते विचार वाईट आहे म्हणून नव्हे. त्याचं काम झालं म्हणून थांबायचं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. त्यातल्या कित्येक म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या: दगडात कोरलेला ओटा, बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, बसायला ओसरी. ती पाहताना लोक चैत्याचे फोटो काढून परततात. ओट्यावर थोडा वेळ बसून पाहावं. ऐकलेला उपदेश दिवसभर मनात फिरवायला माणसाला किती थोडं लागतं, ते तिथे कळतं.

आता पतंजलीकडे. 'वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्' (वितर्क, म्हणजे वाईट विचार, त्रास देऊ लागले तर उलट बाजूची भावना करावी) हे योगसूत्र हल्ली सकारात्मक विचारांच्या खात्यात जमा झालं आहे: वाईट विचार आला, त्यावर चांगला चिकटवा. पण पुढचंच सूत्र वाचलं तर काम वेगळं निघतं. हिंसा, असत्य वगैरेंचा प्रत्येक वितर्क तिथे तीन अंगांनी तपासायला सांगितला आहे. तो मी स्वतः केला, दुसऱ्याकडून करवला, की नुसतं अनुमोदन दिलं? मुळाशी लोभ आहे, क्रोध आहे की मोह? सौम्य आहे, मध्यम की तीव्र? तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस प्रकार होतात, आणि योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात ही फोड त्याहूनही पुढे नेली आहे. याचं फळ अनंत दुःख आणि अज्ञान आहे, असं पाहत राहणं म्हणजे प्रतिपक्षभावना.

हे कोष्टक आजही जसंच्या तसं चालतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची तरी बदनामी करणारा मजकूर आला. आपण लिहिला नाही, कुणाला लिहायलाही सांगितला नाही, नुसता अंगठा दिला. 'केलेलं' आणि 'करवलेलं' यांतून सुटलो, 'अनुमोदित' मध्ये सापडलो. मूळ? क्रोध नाही, कारण त्या माणसाशी भांडण नाही. मोह आहे, सगळ्यांनी दिला म्हणून दिला. तीव्रता सौम्य. एवढं ओळखायला दोन मिनिटं लागतात, आणि 'मी चांगला आहे' असं शंभरदा म्हणण्यापेक्षा ही दोन मिनिटं माणसाला जास्त बदलतात, असा माझा पक्का विश्वास आहे.

आता मननाबद्दल जरा सविस्तर, कारण ते कसं करायचं हे फारसं कुणी सांगत नाही.

मननाला आधी श्रवण लागतं, आणि श्रवण म्हणजे कानावर पडणं नव्हे. एखाद्या ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या सहा खुणा मीमांसा आणि वेदान्तात सांगितल्या आहेत: सुरुवात आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा आलेला मुद्दा, नवीन काय सांगितलं, फळ काय, स्तुती कशाची केली, आणि युक्ती कोणती दिली. दीड मिनिटाच्या रीलमध्ये प्रवचनाचा मधला तुकडा येतो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, युक्ती कापलेली. त्यातून उत्साह येईल, पण श्रवण होणार नाही. दहा जणांची दहा वाक्यं ऐकण्यापेक्षा एका समासाचं एकच निरूपण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं बरं.

मग विषय एकच घ्यायचा आणि निदान आठवडाभर तोच ठेवायचा. रोज साधारण पंचवीस मिनिटं, वही-पेन घेऊन, फोन दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर बंद करून. समजा विषय आहे 'मी देह नाही'. पहिली पाच मिनिटं ती ओवी किंवा वाक्य मोठ्यानं तीनदा वाचायचं आणि अर्थ आपल्या घरच्या बोलीत लिहायचा. त्यात आत्मा, ब्रह्म, साक्षी, चैतन्य यातला एकही शब्द वापरायचा नाही. हे शब्द काढून घेतले की आपल्याला किती कळलंय ते लगेच उघडं पडतं.

पुढची दहा मिनिटं विरोधी बाजूची. सर्वांत कडक आक्षेप लिहायचा: डोकं ठणकतं तेव्हा मीच दुखत असतो, मग मी देह नाही कसा? आता उत्तर शोधायचं. ठणका कळतोय, म्हणजे कळणाऱ्यापासून तो वेगळा असला पाहिजे. लहानपणचा देह आज नाही, तरी 'तो मीच' ही ओळख आहे. स्वप्नात हा देह खाटेवर पडलेला असतो आणि मी दुसराच देह घेऊन हिंडतो. एकेक युक्ती आक्षेपापुढे उभी करायची आणि टिकते का पाहायचं. टिकली नाही तर तसं लिहायचं. मग पाच मिनिटं जी शंका उरली तिला प्रश्नाचं रूप द्यायचं, शेवटी प्रश्नचिन्ह येईल असं. धूसर अस्वस्थता वर्षानुवर्षं राहू शकते, नीट विचारलेला प्रश्न सहसा राहत नाही. शेवटची पाच मिनिटं पेन खाली. जेवढं पटलं तेवढ्यावरच गप्प बसायचं. निदिध्यासनाची सुरुवात इथून होते.

यात चुका होतात त्या ठरावीक. विषय रोज बदलणं ही पहिली. दुसरी, आक्षेप मुद्दाम लेचापेचा घेणं, म्हणजे उत्तर लवकर सापडतं. तिसरी सर्वांत चिवट: पटलं म्हणजे झालं असं वाटणं. 'हे शक्य नाही' ही शंका मननानं जाते, तिला असंभावना म्हणतात. पण 'मी देहच' ही जुनी सवय, विपरीत भावना, युक्तीनं हलत नाही. ती निदिध्यासनानंच हलते. ज्यांना वेदान्त तोंडपाठ आहे आणि तरी राग जसाच्या तसा आहे, त्यांची विद्या खोटी नसते, त्यांचं मधेच थांबलेलं असतं. त्यांना हसण्यापेक्षा आपलं कुठे थांबलंय ते पाहिलेलं चांगलं.

विचारानंच पलीकडे जायचं ही वाट मुंबईच्या अगदी मध्यवस्तीत चालली आहे. इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांनी (१८८८–१९३६) पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग असा भेद सांगितला. पहिला दीर्घ ध्यान-नामाचा, मुंगीच्या चालीचा. दुसरा श्रवण-मननाचा, पक्ष्याच्या भरारीचा. त्यांची समाधी वाळकेश्वरला बाणगंगेच्या स्मशानभूमीत आहे. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) विडीचं दुकान चालवणारे. खेतवाडीतल्या छोट्याशा माळ्यावर येणाऱ्यांशी ते मराठीत बोलत आणि त्याची भाषांतरं जगभर गेली.

या मार्गातला विचार पायरी-पायरीनं चालतो. स्थूल देह तपासायचा, हा मी नव्हे. मग सूक्ष्म: इंद्रियं, प्राण, मन, बुद्धी, हेही जाणले जातात, म्हणून मी नव्हे. मग कारण देह, म्हणजे काहीच न आठवणारी कोरी अवस्था. इथे बहुतेकांची फसगत होते. विचार गेले, शांत झालं, म्हणजे पोहोचलो असं वाटतं. पण ते नुसतं विस्मरण आहे, आणि त्या विस्मरणालाही कोणीतरी जाणतंय. ते जाणणं, 'मी आहे' एवढीच जाणीव, तो महाकारण देह. आणि तीही शेवटचा मुक्काम नाही.

म्हणूनच ध्यानातली शांतता कोणती, हे ओळखता आलं पाहिजे. लय, म्हणजे मन झोपेसारखं बुडणं, असेल तर मान हळूच पुढे कलते, वेळ कुठे गेला कळत नाही, आणि उठल्यावर जडपणा राहतो. खऱ्या शांततेत पाठ आपोआप सरळ असते, बाहेरचा भाजीवाल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण त्यावर आत गोष्ट रचली जात नाही. लय आला तर आणखी शांत बसून उपयोग नाही. उठावं, तोंडावर पाणी मारावं, डोळे अर्धे उघडे ठेवून दहा मिनिटं मननच करावं. इथे विचार हे औषध आहे. जेवल्यावर दोन-अडीच तास बसू नये. रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडून झोप झाल्यावर बसावं, पहाटेचं पुण्य डुलक्यांत मिळत नाही. विक्षेप असेल, म्हणजे मन उधळलेलं असेल, तर उलट: मनन बंद, मोजून नाम किंवा श्वास.

विचाराची शेवटची जागा शंकराचार्यांच्या नावावरच्या आत्मबोधात निवळीच्या बियांवरून सांगितली आहे. गढूळ पाण्याच्या मडक्यात आतून निवळीचं बी घासतात. त्याची पूड गाळ घेऊन तळाशी बसते आणि स्वतःही तिथेच राहते, पाण्यात तरंगत नाही. ज्ञानाचा अभ्यास असा अज्ञान घेऊन खाली बसावा. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात व्याख्यानं देत, तेव्हा ते विचाराच्या विरोधात बोलतात असं अनेकांना वाटे. विचार स्मृतीतून येतो, म्हणून तो जुना आणि मर्यादित असतो, हे त्यांचं म्हणणं. पण श्रोत्यांना ते प्रत्येक पावलाला स्वतः तपासून पाहायला लावत. मला त्यांच्यात आणि मननाच्या परंपरेत वाटतं तेवढं वैर दिसत नाही. गाळ बसल्यावरही बी घासत राहू नका, असं म्हणणारा माणूस हवाच असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. चिंता आणि चिंतन बाहेरून सारखी दिसतात. चिंतनानंतर प्रश्न लहान झालेला असतो किंवा निदान नेमका झालेला असतो. चिंतेनंतर तोच प्रश्न मोठा होऊन उभा असतो आणि झोप गेलेली असते. एकच नकोसा विचार दिवसात शेकडो वेळा येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलं असेल, तर ती साधनेतली अडचण नाही, तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. अशा वेळी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नये, त्रास वाढू शकतो. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास चालू असतो. औषध घेऊन मन थोडं ताळ्यावर आलं की मनन पुन्हा सुरू करता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी दासबोधाचा सतरावा दशकच सांगेन. त्यातला तिसरा समास श्रवणाचा, आठवा पाच अंतःकरणांसकट तत्त्वांचा, नववा चार देहांचा. याच क्रमानं, एकेकाला तीन-तीन आठवडे द्यावेत. लोकलमध्ये वाचू नये. लोकलमध्ये फक्त पायऱ्या ओळखाव्यात, स्फुरण, मन, बुद्धी. तिथे सामग्रीची कमतरता नसते. वाचन आणि वही घरी, किंवा घर फारच गजबजलेलं असेल तर सकाळी लवकर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. आठव्या समासाला पोहोचलात की रोज रात्री दिवसातला एकच प्रसंग घेऊन तो कोणत्या पायरीवर हातातून निसटला तेवढं एका ओळीत लिहा. सुरुवातीला बहुतेकांचं उत्तर 'अहंकार' येतं. पुढे ते 'चित्त' यायला लागतं.